आर्लिस टॉर्गरसनचा परवाना

आर्लिस टॉर्गरसनच्या कोठीघराच्या भिंतीवर एकतीस खिळे होते आणि एकतीस खिळ्यांना एकतीस किल्ल्या. एकीवरही नाव नव्हतं. प्रत्येक किल्लीला वेगळ्या रंगाच्या लोकरीचा धागा बांधलेला. हिरवा म्हणजे डॉक्टरांचं तळ्याकाठचं घर, तपकिरी म्हणजे पाद्रीबुवांचं, आणि राखाडीत पिवळा पीळ म्हणजे हेझलबाईंचं, ज्याचं मागचं दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. नावं का लिहीत नाहीस असं कुणी विचारलंच तर ती म्हणे, "चोराला नावं वाचता येतात. मला रंग लक्षात राहतात. मग नावं लिहून फायदा कुणाचा?"

आमच्या डनमोरमध्ये ऑक्टोबर सरत आला की पैसेवाल्या म्हाताऱ्यांची निघानिघ सुरू होते. मोंटानाची थंडी हाडांना सोसत नाही म्हणतात आणि ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन बसतात ते थेट एप्रिलपर्यंत. जाताना घर आर्लिसच्या हवाली. पारा शून्याखाली तीस गेला की पाण्याचे पाइप फुटतात, आणि बघायला कुणी नसलं तर वसंतात मालकाला दिवाणखान्यात तळं सापडतं. आर्लिस आठवड्यातून दोनदा सगळी घरं फिरायची. दार उघडलं की आधी नाक आत, मग पाऊल. ओल, गॅस, भिंतीत मेलेला उंदीर, सगळं तिला वासावरून कळायचं.

मग गावच्या इस्पितळात तीन-तीन महिन्यांसाठी बाहेरगावच्या नर्स येऊ लागल्या. त्यांना राहायला जागा मिळेना, आणि इकडे आर्लिसच्या भिंतीवर रिकाम्या घरांची रांग. तिने मालकांना फोन केले, पोरींना घरं दिली, महिन्याच्या महिन्याला भाडं गोळा करून ॲरिझोनाला धाडलं. मालक खूश. नाताळात तिला थोडेफार डॉलर आणि उन्हाळी प्रदेशातल्या संत्र्यांच्या पेट्या येत. नवरा लॉइड सहा वर्षांपूर्वी गेला, मुलगी जोलीन सिॲटलला, आणि साठीची आर्लिस संत्री वाटत गावभर हिंडायची. बाई मुळात उत्साही. साधं गटार तुंबलं तरी जत्रा लागल्यासारखी धावायची.

मार्चमध्ये तिला कॉनराडचा फोन आला. हा मिनिआपोलिसचा. त्याची आत्या वारली आणि आमच्या मुख्य रस्त्यावरची प्रेअरी आर्म्स नावाची आठ बिऱ्हाडांची विटांची इमारत त्याच्या नावावर झाली होती.

"आत्या नेहमी सांगायची, काही अडलं तर आर्लिसला विचार," तो म्हणाला. "तर तुम्हीच चालवा ना इमारत. भाडं, दुरुस्त्या, नवे भाडेकरू, सगळं. रीतसर कंपनी काढा, मी रीतसर मोबदला देतो."

आर्लिसच्या हातातलं फडकं खाली पडलं. कंपनी. हा शब्द तिच्याबद्दल आजवर कुणी वापरला नव्हता.

"फक्त माझा वकील तुमचा लायसन्स नंबर मागतोय."

"गाडीचा की मासेमारीचा? दोन्ही आहेत. शिकारीचा गेल्या वर्षी संपला."

"तसा नाही हो. दुसऱ्याच्या घराचं भाडं मोबदला घेऊन गोळा करायचं असेल तर राज्याचा परवाना लागतो. तुमच्याकडे असेलच असं मी धरून चाललो होतो."

आर्लिस खुर्चीवर टेकली. वीस वर्षं ती ज्याला शेजारधर्म म्हणत होती तो कायद्याच्या बाहेरचा धंदा निघाला.

"संत्री घेतली तर तो मोबदला होतो का रे?" तिने विचारलं.

"ते वकिलाला विचारावं लागेल," कॉनराड म्हणाला. बिचारा हसला नाही. "एक जूनला आत्याच्या जुन्या मॅनेजरचा करार संपतो. तोवर तुमचा परवाना आला तर इमारत तुमच्याकडे. नाहीतर बाहेरची एक मोठी कंपनी तयार बसलीये. ते बिऱ्हाडं उठवून पर्यटकांना रोजावर खोल्या देणार म्हणतात. मला ते पटत नाही, पण कुणीतरी बघायला हवं ना."

त्या आठ बिऱ्हाडांत तीन नंबरला वायोला राहायची. वायोला म्हणजे आर्लिसची लहानपणापासूनची मैत्रीण, कॅफेत चाळीस वर्षं कॉफी ओतणारी. खालच्या मजल्यावर एक्याण्णव वर्षांचा ऑर्व्हिल होता, त्याला आता दुसरीकडे हलवणं म्हणजे सरळ स्मशानात पोचवणं. आर्लिसने फोन ठेवला, कोट उलटा घातला आणि कॅफेकडे पळाली.

"वाय, मी कंपनी काढतेय," तिने दारातूनच सांगितलं.

"आधी कोट नीट घाल," वायोला म्हणाली.

राज्याने मागितलेलं फारसं भयंकर नव्हतं. तीस तासांचा अभ्यासक्रम, मग परीक्षा, मग अर्ज, फी आणि सोबत कागदपत्रं. अभ्यासक्रम संगणकावर होता. आर्लिसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोलीनचा जुना लॅपटॉप मांडला आणि एप्रिलभर त्याच्यापुढे बसली. भाडेकरार, अनामत, भेदभावाचे कायदे. मालकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायचे, आपल्या पैशांत मिसळायचे नाहीत. हे तिला एकदम पटलं, कारण ती भाड्याची पाकिटं वेगळ्या बरणीत ठेवत असे आणि त्या बरणीतून तिने कधी पोस्टाचं तिकीटसुद्धा घेतलं नव्हतं.

दुपारी कॅफेत उजळणी चाले. वायोला एका हातात कॉफीचं भांडं आणि दुसऱ्या हातात प्रश्नांची चिठ्ठी घेऊन काउंटरमागे उभी राही.

"भाडेकरूच्या घरात दुरुस्तीसाठी जायचं आहे. कसं जावं?"

"मागच्या दाराने," आर्लिस म्हणाली.

काउंटरवरचे सगळे मान डोलावू लागले. डनमोरमध्ये पुढच्या दाराने दोघंच येतात, एक विक्रेता आणि दुसरी शवपेटी. बाकी सगळी दुनिया मागच्या दाराने, बुटाने दार ठोकत, हातात काहीतरी खायला घेऊन येते.

"चूक," वायोला म्हणाली. "चोवीस तास आधी कळवायचं."

"चोवीस तास? तोवर घर वाहून जाईल."

"पाइप फुटला असेल तर घुसायचं तसंच. तो अपवाद. पण नुसतं बघायला जायचं असेल तर आधी कळवायचं."

"आणि केक नेला तर?"

"केकबद्दल कायदा काही बोलत नाही," बियाण्यांच्या दुकानाचा एल्डन म्हणाला. "पण आमच्याकडे केक आणायचा असला तर चोवीस तास वगैरे बघू नकोस."

मेच्या पहिल्या आठवड्यात आर्लिस दोन तास गाडी चालवून बिलिंग्जला परीक्षेला गेली. लॉइडचं घड्याळ मनगटावर, पर्समध्ये बटाट्याची लेफ्स पोळी. परीक्षेच्या खोलीत सगळे तिशीच्या आतले, इस्त्रीचे कपडे घातलेले. प्रश्न वाचताना तिला एकेक घर आठवे. हा प्रश्न पाद्रीबुवांच्या छपराचा, हा त्या नर्सचा जिच्याकडे तीन मांजरं निघाली. निकाल तिथल्या तिथे मिळाला. ती गाडीत जाऊन बसली आणि दोन मिनिटं नुसता हॉर्न वाजवत राहिली. शेवटी पहारेकरी बघायला आला.

"पास झाले मी," तिने काच खाली करून त्याला सांगितलं.

"छान झालं, बाई," तो म्हणाला. "आता हॉर्न सोडा."

घरी येऊन तिने अर्ज पुढ्यात ओढला. नाव, पत्ता, परीक्षेचा निकाल, कंपनीचं नाव. कंपनीचं नाव तिने 'डनमोर घरसांभाळ' असं ठरवलं होतं. पुढचा रकाना वाचला आणि तिथे माशी शिंकली. अर्जदाराने हायस्कूलची किमान दोन वर्षं, म्हणजे नववी आणि दहावी, पूर्ण केल्याचा शाळेचा दाखला जोडावा.

तिने पेन खाली ठेवलं.

आर्लिसची दहावी पूर्ण झालेली नव्हती. ही गोष्ट जगात कुणालाही ठाऊक नव्हती, लॉइडलासुद्धा. तिने शाळा सोडली ती दहावी करूनच, असं सगळे धरून चालले होते. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेच्या बॅचचं संमेलन भरलं की ती बटाट्याचं सॅलड घेऊन जायची, भांडी घासायला मागे थांबायची आणि फोटोच्या वेळी स्वयंपाकघरात असायची. नोकरीच्या एखाद्या अर्जात शेवटची उत्तीर्ण इयत्ता विचारली तर ती पेन्सिलने बारीक नऊ लिहायची आणि मान खाली घालून कागद द्यायची.

झालं होतं ते असं. एक्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये तिच्या वडिलांच्या अंगावर ट्रॅक्टर कलंडला आणि पाय दोन ठिकाणी मोडला. मेंढ्या विण्याचा हंगाम ऐन भरात, चारशे मेंढ्या, घरात आई, आर्लिस आणि धाकटा भाऊ डीन. डीनला धूळ सोसत नसे. सोळा वर्षांच्या आर्लिसने दप्तर खुंटीला टांगलं आणि मेंढवाड्यात गेली ती पुन्हा शाळेत गेलीच नाही.

मे महिन्यात एकदा मिस येल्म आल्या होत्या. मिस येल्म म्हणजे शाळेतल्या सगळ्यात कडक बाई, नववी-दहावीला जवळजवळ सगळंच शिकवणाऱ्या. त्या दिवशी अवेळी बर्फ पडत होतं. बाई रबरी बूट चढवून मेंढवाड्यात शिरल्या आणि गवताच्या भाऱ्यावर बसल्या. आर्लिसचा हात तेव्हा कोपरापर्यंत मेंढीच्या पोटात होता, आत कोकरू आडवं अडकलेलं.

"समज, कळपात क्ष मेंढ्या आहेत," बाई म्हणाल्या. "निम्म्यांना जुळी झाली. एकूण कोकरं किती?"

"त्यातली दगावतात ती धरलीत का, बाई?"

"नाही धरली. तू धर."

आर्लिसने दात आवळून उत्तर दिलं. मग बाईंनी हृदयाचे कप्पे विचारले. "चार. मेंढीचेही चारच," आर्लिस म्हणाली. मग बाई म्हणाल्या, "आता काय करते आहेस ते मला पूर्ण वाक्यांत सांग. अर्धं वाक्य चालणार नाही." आर्लिसला संताप आला. इथे जीव जातोय आणि ह्या बाईला व्याकरण सुचतंय. पण बाईंपुढे गप्प राहायची सवय नव्हती. कोकराचा पाय कुठे आहे, डोकं कसं वळवायचं, मेंढी कळ देईल तेव्हाच का ओढायचं, सगळं तिने पूर्ण वाक्यांत सांगितलं. कोकरू बाहेर आलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, कॉफीला नको म्हणाल्या आणि बर्फातून निघून गेल्या. नाव कमी केलं, आर्लिसला वाटलं. वर चेष्टा करायला आल्या होत्या.

सप्टेंबरमध्ये शाळा उघडली तेव्हा गेली असती तर दहावीत पुन्हा बसावं लागणार, तेही डीनच्या वर्गात. तिने आईला सांगून टाकलं, मला शिकायचं नाही. आईनेही फार ओढून धरलं नाही.

हे सगळं तिने दुसऱ्या दिवशी कॅफे रिकामं झाल्यावर वायोलाला सांगितलं. वायोलाने ऐकून घेतलं.

"मी बारावी पास आहे," ती म्हणाली. "बघ माझी काय भरभराट झालीये."

"चेष्टा करू नकोस. दाखला नसेल तर बरोबरीची वेगळी परीक्षा द्यावी लागेल. ती जून संपता संपता. तोवर तुझ्या तीन नंबरात पर्यटक झोपलेले असतील."

"मग चल, दाखला आहे का ते बघू."

"नाहीच आहे म्हणतेय ना."

"तू म्हणतेस. तू सोळा वर्षांची होतीस, तुझं काय ऐकायचं."

शाळा बंद होऊन बावीस वर्षं झाली होती, तिच्या इमारतीत आता एल्डनची बियाण्यांची पोती होती. शाळेचे जुने कागद जिल्ह्याच्या कचेरीत, तळघरात. आणि त्या तळघराचा राखणदार मर्ल ग्रुबर, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि ज्याची बायको आर्लिसच्याच वर्गातली. मर्लला कळलं म्हणजे संध्याकाळपर्यंत दवंडी पिटल्यासारखं. कचेरीत पोचल्यावर आर्लिस तळघराच्या पायऱ्यांवर थांबली.

"मी नाही येत," ती म्हणाली.

"ऑर्व्हिलला जाऊन तसं सांग," वायोला म्हणाली. "सांग, मला लाज वाटते म्हणून तू घर सोड."

आर्लिस खाली उतरली.

"काय गं, खजिना शोधायला आलात की काय दोघी?" मर्ल म्हणाला.

"माझा दहावीचा कागद असेल तर बघ," आर्लिस म्हणाली. चेहरा तापला होता, पण आवाज तिने खाली येऊ दिला नाही. "नसेलच. मी दहावीतून शाळा सोडली. हे आधीच सांगते, म्हणजे तुला शोधून काढल्याचं श्रेय नको."

मर्लचे ओठ काहीतरी बोलायला हलले. वायोला त्याच्याकडे बघत होती. चाळीस वर्षं ती त्याची कॉफी ओतत होती, आणि तिच्या नजरेत त्याला पुढची चाळीस वर्षं थंड कॉफी दिसली असावी. तो मुकाट्याने आर्लिसच्या माहेरच्या नावाचा, स्टेन्सरूडचा, पोलादी खण ओढू लागला.

फाइल निघाली. आत दहावीचं गुणपत्रक होतं. मर्लने वाचायला सुरुवात केली आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"अगं, इथे तर उत्तीर्ण लिहिलंय."

"दुसरी कुणी असेल."

"आर्लिस मे स्टेन्सरूड. गावात किती आहेत अशा? आणि खाली हे बघ, कुणाच्या तरी हातचं." त्याने चष्मा लावला आणि सावकाश वाचलं. "बीजगणित, जीवशास्त्र, इंग्रजी. अंतिम तोंडी परीक्षा घरी घेतली, स्टेन्सरूड यांचा मेंढवाडा, वीस मे. विद्यार्थिनी उत्तरं देत असताना आडवं अडकलेलं कोकरू बाहेर काढत होती. कोकरू जिवंत. इंग्रजीत एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. जीवशास्त्रात पूर्ण गुण देत आहे. दहावी उत्तीर्ण. ए. येल्म."

फाइलमध्ये एक बंद लिफाफाही होता, पालकांच्या नावे. शेवटच्या दिवशी गुणपत्रक पालकांनी शाळेतून न्यायचं असे. वडील पाय टांगून पडलेले, आई मेंढ्यांत. कुणी गेलंच नव्हतं. आर्लिसने चव्वेचाळीस वर्षांचा डिंक नखाने उचकटला. आत गुणपत्रकाची प्रत होती आणि एक ओळ. 'आर्लिसला सप्टेंबरमध्ये पाठवा. अकरावीच्या वर्गात खिडकीजवळची जागा तिच्यासाठी ठेवली आहे.'

आर्लिस लोखंडी शिडीच्या पायरीवर बसली. तिला शाळा आठवली नाही, किराणा दुकान आठवलं. मिस येल्म म्हाताऱ्या झाल्या होत्या, काठी टेकत चालायच्या, आणि त्या दिसल्या की आर्लिस रस्ता बदलायची. एकदा दुकानात गाठ पडलीच. बाई म्हणाल्या होत्या, "कशी आहेस, आर्लिस?" आणि आर्लिस वाटाण्याच्या डब्यावरची अक्षरं वाचत उभी राहिली होती, ऐकू न आल्यासारखी. बाई थोडा वेळ थांबल्या आणि मग काठी टेकत पुढे गेल्या. त्यालाही बारा वर्षं झाली. बाई आता नाहीत.

"रडतेयस का?" मर्लने विचारलं. त्याला खरंच काय करावं कळत नव्हतं.

"हो," आर्लिस म्हणाली. "आता ह्याची प्रत काढ आणि शिक्का मार. ठसठशीत उमटव."

त्याने दोन प्रती काढल्या, दोन्हींवर शिक्का मारला, पैसे घेतले नाहीत. आर्लिसने अर्ज त्याच्याच टेबलावर पसरला. शेवटची उत्तीर्ण इयत्ता. मर्लने पेन्सिल पुढे केली, ती तिने बाजूला सारली आणि त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. दहा लिहिलं, मोठ्ठं, रकान्याच्या बाहेर जाईल एवढं. मर्लने संध्याकाळपर्यंत गावभर केलंच. पण कॅफेत एल्डनने सांगितलं ते असं, की आर्लिस टॉर्गरसनने मेंढीच्या पोटात हात घालून दहावी काढली आणि आमच्यातल्या कुणाला तसं जमलं नसतं.

परवाना अठ्ठावीस मेला आला. तिने कॉनराडला फोनवर नंबर वाचून दाखवला, दोनदा, दुसऱ्यांदा त्याने न मागता. कोठीघरात आठ नवे खिळे ठोकले. परवाना काचेत घालून भिंतीवर लावला आणि त्याच्या वर, एक वीत वर, ते गुणपत्रक.

दोन जूनला सकाळी दहाला प्रेअरी आर्म्सच्या तीन नंबरच्या पुढच्या दारावर टकटक झाली. वायोलाने दार उघडलं. आर्लिस उभी होती, कोट सुलटा घातलेला, एका हातात वही आणि दुसऱ्या हातात रूबार्बचा केक.

"पुढच्या दाराने?" वायोला म्हणाली. "कोण मेलं?"

"काल चिठ्ठी टाकली होती. चोवीस तास झाले. नळ बघायचाय."

"नळ ठीक आहे."

"पूर्ण वाक्यात सांग," आर्लिस म्हणाली आणि वही उघडली. "स्वयंपाकघरातला नळ कसा आहे, कधीपासून, आणि गळतो तेव्हा किती गळतो. अर्धं वाक्य चालणार नाही."